उणे ८४ : एका दोषांकाचे वाचन

लिनक्स प्रणालीत मेमरी कार्डाचा व्यवहार पाहणारा ड्रायव्हर आपले अपयश बहुतेक यंत्रांवर ‘उणे ८४’ या अंकाने कळवितो. या अंकाचा मूळ अर्थ अक्षरसंकेतातील बाइटांचा अवैध क्रम. ड्रायव्हरने तो उसना घेतला आणि सीआरसी-पडताळा न जुळणे, उत्तरातील आज्ञाक्रमांक चुकणे व समाप्तीचा बिट बिघडणे ही तीन भिन्न दुखणी त्यात कोंबली. खुलासा आहे, पण तो हेडर फाइलीतील एका टिपणीत! तेथवर न पोहोचलेला वाचक कार्डच निकामी ठरवून मोकळा होतो.

हा निर्णय घाईचा होय. आज्ञेचा ७ बिटांचा व डेटाचा १६ बिटांचा पडताळा हा कार्ड आणि यंत्र यांमधील तारांवरील प्रवासापुरताच असतो. कार्डाच्या पोटात काय साठले आहे याची साक्ष तो देत नाही. म्हणून घड्याळाची गती उतरवून, चारऐवजी एकाच डेटा-तारेने वाचून पाहणे प्रथम अगत्याचे ठरते. तेवढ्याने दोष नाहीसा झाला, तर संशय संपर्कांवर अथवा विद्युत्‌पुरवठ्यावर जातो. ‘उणे ११०’ त्या मानाने प्रामाणिक आहे : उत्तर वेळेत आले नाही, एवढेच तो सांगतो.