ओरिएल चेंबर्स : प्रकाशाची गरज आणि वास्तुरूप

प्रस्तावना
व्हिक्टोरियन काळातील कार्यालयीन इमारतींचे मूल्यमापन बहुधा त्यांच्या दर्शनी अलंकरणावरून केले जाते. लिव्हरपूल येथील वॉटर स्ट्रीटवरील ओरिएल चेंबर्स या इमारतीच्या बाबतीत मात्र हा निकष अपुरा ठरतो. वास्तुविशारद पीटर एलिस (१८०५-१८८४) यांनी १८६४ मध्ये उभारलेली ही इमारत आज इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत सर्वोच्च, म्हणजे प्रथम श्रेणीत समाविष्ट आहे.

रचनेचा विचार
बंदरातील व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत दिवसभर नोंदवह्या लिहिल्या जात. अरुंद रस्त्यांवरील अशा कचेऱ्यांची खरी निकड उजेड ही होती. एलिस यांनी भिंतीचा भार आतील लोखंडी सांगाड्यावर सोपविला आणि दगडी उभ्या पट्ट्यांमधून काचेच्या खिडक्या रस्त्याकडे पुढे काढल्या. त्यामुळे उजेड समोरून तसेच बाजूंनीही आत येतो. पट्ट्यांच्या शिरोभागी गॉथिक धाटणीचे नक्षीकाम आहे; परंतु इमारतीचे सौंदर्य त्यावर अवलंबून नाही. ते त्या खिडक्यांच्या संथ पुनरावृत्तीत आहे.

मागील चौकाकडील बाजू अधिक महत्त्वाची आहे. तेथे काचेचा पडदा खांबांच्या बाहेरून नेलेला असून भिंत भारवाहक राहिलेली नाही. विसाव्या शतकातील काचेच्या भिंतीची ही पूर्वखूण म्हणावी लागेल.

टीका आणि पुनर्मूल्यांकन
समकालीनांना हे रूप रुचले नाही. १८६६ मध्ये ‘द बिल्डर’ या नियतकालिकाने पुढे आलेल्या खिडक्यांची खिल्ली उडविली. या टीकेमुळे एलिस यांची कारकीर्द संपली, ही कथा पुढे रूढ झाली. परंतु १८६६ मधीलच त्यांची १६, कुक स्ट्रीट ही इमारत पाहता तेथेही चौकातील वर्तुळाकार जिन्याला काचेचे आवरण आहे. टीकेनंतर एलिस यांनी विचार बदलला, असे त्यावरून दिसत नाही. किशोरवयात लिव्हरपूलमध्ये राहिलेले, पुढे शिकागोत ख्यातनाम झालेले जॉन वेलबॉर्न रूट यांच्यावरील एलिस यांचा प्रभावही वारंवार सांगितला जातो. तो मात्र अनुमानाच्याच पातळीवर आहे. इमारतीचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी अशा आधाराची आवश्यकताही नाही.

संरक्षणाचा अर्थ
दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात इमारतीचा काही भाग नष्ट झाला. १९५९ ते १९६१ या काळात तेथे जुन्याची नक्कल न करता आधुनिक विस्तार करण्यात आला. हा निर्णय प्रामाणिक होता. नष्ट झालेला भाग जुना भासविणे म्हणजे इतिहास पुसणेच होय.

समारोप
बंदरपरिसराला २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारसा दर्जा, गोदी परिसरातील नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. संरक्षण ही कायमची हमी नसते, हे त्यावरून स्पष्ट होते. ओरिएल चेंबर्सचे संरक्षण केवळ रस्त्याकडील दगड व काच जपून पूर्ण होणार नाही. खोली, खिडकी आणि उजेड यांचे परस्परनाते टिकविणे हेच त्याचे खरे मर्म आहे. ते तुटल्यास राहील ते केवळ दर्शनी रूप.