गिप्सलंडचे इतिहासकार व त्यांचीं साधनें

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यांत, मेलबर्न शहराच्या पूर्वेस, पर्वत आणि समुद्र यांच्यामध्यें गिप्सलंड नांवाचा प्रांत पसरलेला आहे. ह्या प्रांताच्या स्थानिक इतिहासावर गेल्या पंचेचाळीस वर्षांत जे ग्रंथ झाले, त्यांपैकीं कांहीं आम्हीं एकत्र वाचले. आमच्या वाचकांस हा मुलूख दूरचा वाटेल. परंतु त्यांतील वाद हा मुख्यतः कागदांचा वाद आहे. आणि कागद कोणीं लिहिला, कोणीं राखला, व कोणता कागद मुळींच लिहिला गेला नाहीं, हे प्रश्न जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस परके नाहींत.

प्रथम वादाची पार्श्वभूमि. हा मुलूख गुनाइकुर्नाई लोकांचा. स्कॉटलंडच्या स्काय बेटांत १८१० सालीं जन्मलेला अँगस मॅकमिलन हा १८३८ त सिडनीस उतरला, आणि लॅक्लन मॅकॲलिस्टर ह्या पशुपालकाच्या चाकरींत राहून १८३९ ते १८४१ पर्यंत त्यानें ह्या प्रांतांत वाट काढली. त्यानें दिलेलें ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’ हें नांव मागें पडलें. स्ट्र्झेलेकी ह्या पोलिश प्रवाशानें गव्हर्नर गिप्स याच्यावरून दिलेलें नांव टिकलें. तथापि ‘शोधक’ म्हणून मान मॅकमिलन यासच मिळाला. त्याच्या वाटेवर दगडी स्मारकें उभीं राहिलीं, आणि १९४९ त एका लोकसभा मतदारसंघास त्याचें नांव मिळालें. २०१९ च्या निवडणुकीपासून तें नांव काढून मोनॅश हें नांव देण्यांत आलें. पुढें ज्या ग्रंथांचा विचार करावयाचा आहे, त्यांचा हा परिणाम होय. इतिहासग्रंथांनीं नकाशा बदलल्याचीं उदाहरणें थोडींच सांपडतात.

वादाचें मूळ वॉरिगल क्रीक येथील हत्याकांड हें आहे. १८४३ च्या जुलैंत रोनाल्ड मॅकॲलिस्टर हा तरुण वसाहतवाला मारला गेला. त्याचा सूड म्हणून घोडेस्वारांच्या एका टोळीनें ह्या ओढ्याच्या काठीं गुनाइकुर्नाईंपैकीं ब्रताउआलुंग शाखेच्या लोकांस घेरून गोळ्या घातल्या. ह्याची सरकारी चौकशी झाली नाहीं, साक्षी नोंदल्या गेल्या नाहींत. कारण उघड आहे. पांचच वर्षांपूर्वीं, १८३८ त, मायल क्रीक येथील अशाच कृत्याबद्दल सात माणसांस फांशीं दिलें होतें. त्यामुळें पुढें कृत्यें थांबलीं नाहींत. त्यांविषयीं लिहिणें मात्र थांबलें.

मग साधनें कोणतीं? तीन मुख्य आहेत, व त्यांची योग्यता अगदीं भिन्न आहे. पहिलें, मॅकमिलनचें स्वतःचें पत्र. गव्हर्नर ला ट्रोब यानें १८५३ त जुन्या वसाहतवाल्यांकडून हकीकती मागविल्या. त्यांस आलेलीं उत्तरें ब्राइड यानें १८९८ त छापलीं, आणि त्यांत हें पत्र आहे. त्यांत मार्ग, नद्या, गुरें यांचें वर्णन आहे. वॉरिगल क्रीकविषयीं एक अक्षर नाहीं. दुसरें, हेन्री मेरिक ह्या तरुण वसाहतवाल्यानें १८४६ त इंग्लंडांत आपल्या आईस लिहिलेलें पत्र. काळ्या लोकांचा पाठलाग कसा चालतो, आणि फांशीच्या भयानें तो कसा गुप्त ठेवला जातो, हें त्यानें त्यांत लिहिलें आहे, व मेलेल्यांची संख्या एकंदर साडेचारशेंहून कमी नसावी असा अंदाज दिला आहे. मेरिक १८४७ त नदींत बुडून वारला. त्याचीं पत्रें कुटुंबांत राहिलीं व १९३९ त पुस्तकरूपानें बाहेर आलीं. तिसरें, १९२५ त ‘द गॅप’ ह्या स्थानिक नियतकालिकांत ‘गिप्सलँडर’ ह्या टोपणनांवानें आलेला लेख. वॉरिगल क्रीकचा तपशीलवार वृत्तांत काय तो ह्यांतच आहे, परंतु तो घटनेनंतर ब्यायशीं वर्षांनीं, ऐकीव गोष्टींवरून लिहिलेला आहे.

आपल्याकडे बखर आणि समकालीन पत्र यांच्यामध्यें राजवाड्यांनीं जो भेद करावयास शिकविला, तो येथें लावून पाहावा. १९२५ चा लेख ही बखर होय. ती टाकून देतां येत नाहीं, कारण तिच्यांतील स्थळ, प्रसंग व कारण हीं जुळतात. परंतु तिच्यांतील आंकडा प्रमाण मानतां येत नाहीं. १८५३ चें पत्र अस्सल खरें, पण तें आरोपीनेंच, राज्यप्रमुखास लिहिलेलें आहे. त्यांतील मौनावरून निर्दोषता सिद्ध होत नाहीं. आमच्या मतें तिन्हींत वजनदार तें मेरिकचें पत्र. लिहिणाऱ्यास लाभ कांहीं नव्हता, वाचणारी आई होती, आणि काळ अवघ्या तीन वर्षांचा. मात्र त्यांतील साडेचारशें हा सर्व प्रांतांतील अनेक वर्षांचा अदमास आहे, एका ओढ्याकाठचा नव्हे. ही गोष्ट उतारे घेणाऱ्यांनीं विसरतां कामा नये.

ह्या साधनांची जुळवाजुळव चिकाटीनें करण्याचें श्रेय पी. डी. गार्डनर यांस आहे. त्यांचा ‘गिप्सलँड मॅसॅकर्स’ हा १९८३ चा ग्रंथ आम्हांस सर्वांत उपयोगी वाटला, कारण त्यांत एकेक प्रसंग घेऊन पुरावा बळकट कीं दुबळा हें सांगण्याची पद्धत आहे. १९८७ च्या ‘अवर फाउंडिंग मर्डरिंग फादर’ ह्या पुस्तकाविषयीं मात्र आमचा आक्षेप आहे. मॅकमिलन त्या टोळीचा पुढारी होता हें अनुमान बळकट आहे, आम्हांसहि तें पटतें. परंतु तें अनुमानच आहे, आणि पुस्तकाच्या नांवांतच निकाल छापल्यानें वाचक पुरावा पाहण्याआधींच बाजू घेतो. ज्या लोकांचे कागद राहिले नाहींत त्यांची बाजू मांडणारानें तर अधिकच सावध असावें, नाहींतर प्रतिपक्षास फुकटचें उत्तर मिळतें.

डॉन वॉटसन यांचा ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’ (१९८४) हा लेखनगुणानें ह्या सर्वांत श्रेष्ठ. वॉटसन स्वतः गिप्सलंडचे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत मेंढ्यांसाठीं माणसें उठविलीं गेलीं, आणि त्याच समाजांतील माणसांनीं येथें येऊन मेंढ्यागुरांसाठीं दुसऱ्यांस उठविलें, ही विसंगति त्यांनीं क्षमा न करतां पण समजून घेऊन मांडली आहे. कॅल फ्लिन यांचें ‘थिकर दॅन वॉटर’ (२०१६) हें मॅकमिलनच्याच घराण्यांतील वंशजाचें पुस्तक. तें वारशाच्या ओझ्याचें प्रवासवर्णन म्हणून वाचावें, संशोधन म्हणून नव्हे.

दुसऱ्या बाजूचा आवाज फिलिप पेपर यांच्या पुस्तकांत ऐकूं येतो. त्यांनीं टेस दि अराउजो यांच्यासह १९८० त आपल्या कुटुंबाची हकीकत व १९८५ त कुर्नाईंचा इतिहास प्रसिद्ध केला. घरांतील आठवण आणि सरकारी दप्तर हीं दोन्हीं शेजारीं ठेवण्याची त्यांची रीत अनुकरणीय आहे. १८८६ च्या कायद्यानें मिश्र वंशाच्या, चौतीस वर्षांखालील माणसांस मिशनच्या वस्त्यांतून बाहेर काढलें. त्या एका कलमानें घरें कशीं तुटलीं हें कायद्याच्या पुस्तकांतून कळत नाहीं, येथें कळतें. बेन ॲटवुड यांनीं १९८९ त हागेनाउअर याच्या रामाह्युक मिशनचा अभ्यास अधिक शास्त्रीय रीतीनें केला आहे. परंतु पेपर यांच्यानंतर तो वाचतांना माणसें जरा दूर गेल्यासारखीं वाटतात.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस आनंद होईल अशी गोष्ट शेवटीं राखून ठेविली आहे. बेर्न्सडेल येथील न्यायाधिकारी ए. डब्ल्यू. हॉविट यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुर्नाई लोकांकडून त्यांच्या चालीरीति टिपून घेतल्या. त्यांत मुल्ला-मुलुंग नामक मांत्रिकाचा एक विधि आहे: शत्रूची एखादी वस्तु काठीस बांधावयाची, काठीस माणसाची किंवा कांगारूची चरबी फांसावयाची, ती विस्तवापुढें तिरपी रोवावयाची, आणि ती पडेपर्यंत त्याचें नांव घेत मंत्र म्हणावयाचा. हीं टिपणें शंभराहून अधिक वर्षें कुतूहलाची वस्तु म्हणून पडून होतीं. पुढें बुकनजवळील क्लॉग्ज गुहेंत गुनाइकुर्नाईंच्याच संस्थेच्या विनंतीवरून नवें उत्खनन झालें, आणि २०२४ त त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दोन लहान चुलींत कॅसुआरिना लांकडाच्या दोन काठ्या मिळाल्या. त्यांच्या फांद्या छाटलेल्या, त्यांस चरबी लागलेली. एक सुमारें अकरा हजार व दुसरी सुमारें बारा हजार वर्षांपूर्वींची! आकार व कृति जुळली म्हणजे हेतूहि तोच होता असें निश्चित म्हणतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी बारीक चुली, भाजण्यास निरुपयोगी काठ्या आणि चरबी हीं तिन्हीं एकत्र आलीं असतां दुसरा उलगडा सुचविणें कठीण आहे. हॉविटचे कागद मेलबर्नच्या ग्रंथालयांत व संग्रहालयांत जपले गेले नसते, तर ह्या काठ्या केवळ काठ्याच राहिल्या असत्या. १९७० नंतरच्या दशकांत ह्याच गुहेचें पहिलें उत्खनन झालें, तेव्हां त्या लोकांस सहभागी केलें नव्हतें, हेंहि येथें नमूद करणें प्राप्त आहे.

मेरेडिथ फ्लेचर यांच्या ‘डिगिंग पीपल अप फॉर कोल’ (२००२) ह्या ग्रंथास येथें दोन ओळीच देतां येतात, हा स्थलाभावाचा दोष. राज्याच्या वीज-आयोगानें कोळशाच्या खाणीशेजारीं वसविलेलें यॅलर्न गांव त्याच आयोगानें खालच्या कोळशासाठीं जमीनदोस्त केलें. त्या आयोगाचे अध्यक्ष सर जॉन मोनॅश होते, म्हणजे मॅकमिलनचें नांव पुसून ज्यांचें घातलें तेच.