‘बनगरवाडी’तील मास्तर आणि शाळाविन्मुख मूल

अभ्यासापासून दुरावलेला विद्यार्थी शिक्षकाच्या चार उत्तेजनपर शब्दांनी पालटतो, ही समजूत मराठी वाचकाच्या चांगलीच अंगवळणी पडलेली आहे. परंतु उत्तेजन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचे या दृष्टीने परीक्षण केल्यास त्या समजुतीच्या मर्यादा स्पष्ट होतात.

औंध संस्थानातील धनगरांच्या एका लहानशा वाडीत तरुण मास्तर रुजू होतो, तेव्हा शाळा बंद पडलेली असते आणि मुले मेंढरांमागे गेलेली असतात. त्यांची ही विन्मुखता आळसातून अथवा बुद्धिमांद्यातून आलेली नाही. मेंढरांमागे जाणारे मूल घराच्या उपयोगी पडते. शाळेत बसलेले मूल कोणत्या उपयोगाचे, हे वाडीला उमगत नाही. म्हणून मास्तराला मुलांच्या आधी वाडीचे मन वळवावे लागते. वृद्ध कारभाऱ्याच्या शब्दाखातर शाळा भरू लागते. ती टिकते मात्र मास्तराच्या वर्तनाने. तो लोकांची बारीकसारीक कामे अंगावर घेतो, त्यांच्या सुखदुःखांत गुंततो, तालमीच्या बांधकामासाठी साऱ्या वाडीला एकत्र आणतो. येथे शिकवणारा आधी स्वतः शिकतो, हे माडगूळकरांचे मर्मग्राही दर्शन होय.

तथापि एक उणीव नमूद करणे प्राप्त आहे. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे ठसठशीत उतरली आहेत. विद्यार्थी मात्र बहुतांशी समूहरूपच राहतात. अक्षरओळख झाल्यावर एखाद्या मुलाच्या अंतरंगात काय घडले, हे कादंबरी सांगत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तील (१९६२) चितळे मास्तरांच्या चित्रणात याच्या उलट घडते. तेथे आठवण सांगणारा स्वतः विद्यार्थी आहे आणि मास्तरांच्या थट्टेमागील माया त्याला पुरती कळलेली आहे. पण तो आता मोठा झालेला आहे. कृतज्ञतेने उजळलेल्या त्या स्मृतीत मुलाचे तत्कालीन औदासीन्य पुसट होणे स्वाभाविक आहे.

साहित्याबाहेरील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकरांची कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने आपण होऊन विचारपूस केली. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर भरलेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षणाचा खर्च झेपेनासा झाला, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. हा विद्यार्थी विद्याविन्मुख नव्हता. शाळेने मात्र त्याला वेगळे बसवून अपमानित केले होते. केळुसकरांच्या उत्तेजनात आस्थेचा शब्द, योग्य ग्रंथ आणि प्रत्यक्ष साधन ही तिन्ही अंगे होती. यांतील शेवटचे अंग वगळल्यास उत्तेजन हा केवळ सदिच्छेचा उच्चार उरतो.

‘बनगरवाडी’चा शेवट हेच सत्य अधिक कठोरपणे सांगतो. दुष्काळ पडतो, माणसे जगण्यासाठी वाडी सोडतात, शाळा ओस पडते आणि मास्तराची बदली होते. यात मास्तराचा पराभव पाहणे अन्यायाचे होईल. पण त्याचा विजय पाहणे हेही सत्यास धरून होणार नाही. बेलापूरनजीकच्या खाडीकाठी वसलेले दिवाळे हे कोळ्यांचे गाव. तेथील धंद्याचे घड्याळ भरती-ओहोटीचे, आणि १९७० नंतर सिडकोचे नवे शहर त्याच्या भोवती वाढले. अशा गावातील मूल वर्गात उदास बसले, तर त्याच्या घरचे घड्याळ कोणते, हे शिक्षकाने प्रथम विचारले पाहिजे. बनगरवाडीच्या मास्तराने ते विचारले होते. त्याची शाळा मोडली, तरी त्याचा हा प्रश्न मोडीत निघालेला नाही.