अकलूजच्या उन्हातला द्राक्षारस

लातूर-नांदेडच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा द्राक्षमळ्यापेक्षा पाण्याचीच आठवण अधिक होते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी लातूरकर विसरलेले नाहीत. अशा मराठवाड्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूज परिसरातील मळ्यांत, भारदस्त तांबडी वाइन तयार होते. म्हणूनच फ्रातेल्ली कंपनीची ‘सेत्ते’ आम्ही चाखून पाहिली.

‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत भाऊ आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. इटलीतील तोस्काना प्रांताचे जाणकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली सांजोवेझे व कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांपासून ती घडविली गेली.

उन्हाचे कोडे छाटणीने सुटते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पावसाळा सरताना गोडी बहाराची. त्यामुळे घड हिवाळ्यात पिकतात. थंड रात्री त्यांचा आंबटपणा राखतात, आणि उन्हाळा तापण्यापूर्वी तोडणी होते.

रंग पिकल्या जांभळाचा. प्रथम ओकच्या पिंपाचा गंध येतो. पेला थोडा विसावला की फळ बोलू लागते. घोटाच्या मध्यावर करवंदाचा आंबटपणा, अखेरीस सालीचा तुरटपणा. उष्ण प्रदेशातील तांबडी वाइन पुष्कळदा पाकासारखी जड होते आणि घशाला जाळते. हा दोष येथे नाही, हेच तिचे खरे यश. लाकडाचा संस्कार किंचित हलका असता, तर फळाचा स्वभाव अधिक मोकळा झाला असता, एवढेच आमचे म्हणणे.

तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी आहे. नांदेडच्या मे महिन्यात बाटली आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर तुरटपणा अधिकच भडकतो. बेताच्या तिखटाचे भाजलेले मांस तिला मानवते.

काना गावच्या लग्नातील आणि वेदीवरील द्राक्षारस आपणांस परिचित आहे. तरीही ज्या घरांच्या संध्याकाळी दारूने उद्ध्वस्त केल्या, त्यांच्यासमोर अशी स्तुती जपूनच करावी. एका पेल्यावर ज्याला थांबता येत नाही, त्याच्यासाठी ही शिफारस नाही. मात्र आपल्या उन्हात नाजूक, संयमी असे काही पिकतच नाही, हा सर्रास बोलला जाणारा समज या बाटलीपुढे टिकत नाही. जमिनीला नावे ठेवण्यापूर्वी तिच्या फळाची चव घ्यावी.