धम्म सरोवराच्या काठावरून

खानदेशाला चिंतनाचे वावडे कधीच नव्हते. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींच्या उदारतेतून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. धुळ्याच्या कारागृहात १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत विनोबांनी अठरा रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. जळगावहून अजिंठ्याची लेणी तर हाकेच्या अंतरावर. अशा या प्रदेशात धुळ्याजवळ, डेडरगावच्या परिसरात, ‘धम्म सरोवर’ हे खानदेश विपश्यना केंद्र आहे. इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ हे या चळवळीचे मुख्य स्थानही दूर नाही. १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या सीमेतच ही दोन्ही केंद्रे येतात. आपल्या धर्मग्रामांतील काही प्रापंचिक, आणि क्वचित धर्मगुरू व धर्मभगिनीही, तेथील दहा दिवसांचे शिबिर करून आलेले असतात. ते तेथून काय घेऊन येतात आणि तेथे काय ठेवून येतात, याचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चळवळीचा इतिहास प्रथम पाहू. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. असह्य अर्धशिशीने त्रस्त होऊन ते १९५५ साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू संन्यासी नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. १९६९ साली गोयंका भारतात आले, मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ साली धम्मगिरीचे कार्य सुरू झाले. २००९ च्या फेब्रुवारीत मुंबईजवळ गोराई येथील जागतिक विपश्यना पॅगोड्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती, जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. २०१३ च्या सप्टेंबरात गोयंकाजी निवर्तले.

शिबिराची शिस्त कडक असते. पहाटे चारला घंटा होते आणि रात्री नऊनंतर विश्रांती मिळते. सुमारे दहा तास ध्यान, दोन वेळा शाकाहारी आहार, सायंकाळी नव्या साधकांना चहा व फळे. बोलणे, वाचणे, लिहिणे बंद. पहिले साडेतीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचे. याला ‘आनापान’ म्हणतात. चौथ्या दिवसापासून मस्तकापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना निरखायच्या. सुखद संवेदनेची आसक्ती धरायची नाही, दुःखद संवेदनेचा द्वेष करायचा नाही. दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसायचे. दहाव्या दिवशी मौन सुटते आणि सर्वांसाठी मंगल मैत्रीची भावना करायला शिकवतात.

या साऱ्याचा अर्थ उलगडणारी सायंप्रवचने हे चळवळीचे खरे वाङ्मय होय. श्रोत्यांवरील त्यांची पकड थक्क करणारी आहे. गोयंकाजी जन्माने व्यापारी. हिशेब, तोटा, नफा यांची भाषा त्यांच्या जिभेवर सहज येते. साधकाचे पाय आखडले आहेत, मन घरी पळते आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि नेमके त्याच क्षणी ते विनोद करतात. सर्व विद्या जाणणारा परंतु पोहता न येणारा प्राध्यापक आणि अडाणी नावाडी यांची गोष्ट ऐकल्यावर कोणाला पुस्तकी धर्माची लाज वाटणार नाही? आपल्या वेदीवरून होणारी किती प्रवचने श्रोत्याच्या थकल्या गुडघ्यांची इतकी विचारपूस करतात, हे आपण आपल्यालाच विचारावे.

परंतु याच प्रवचनांत आमच्या मते एक अंतर्विरोध आहे. ती वारंवार सांगतात की ही विद्या कोणत्याही संप्रदायाची नाही. श्वास हिंदू नसतो, ख्रिस्ती नसतो. हे कोणालाही पटावे. मात्र पुढे त्याच ओघात पूर्वजन्मीचे संस्कार, त्यांचे पृष्ठभागावर येऊन नष्ट होणे, पुनर्जन्माचा प्रवाह आणि त्यातून अंतिम सुटका ही शिकवण येते. शिबिराच्या आरंभी साधक बुद्ध, धम्म व संघ या तीन रत्नांना शरण जातो; पहाटेच्या ध्यानात पाली सूत्रांचे पठण ऐकू येते. शरण जाणे म्हणजे त्या गुणांना शरण जाणे, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते प्रामाणिक आहे. तरीही ही एका थोर धर्मपरंपरेची श्रद्धा आहे. तिला निव्वळ विज्ञान म्हणणे हा विज्ञानावर अन्याय आहे आणि त्या परंपरेवरही. ध्यानाने मनाचा ताण हलका होतो काय, हे तपासता येते. संस्काराचा क्षय झाला काय, हे कोणत्या तराजूत तोलणार?

हीच गोष्ट इतिहासाची. ही साधना भारतात लुप्त झाली आणि ब्रह्मदेशात गुरुशिष्यांच्या अखंड साखळीने जतन झाली, असे सांगितले जाते. लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यापासून पुढची साखळी आपल्याला दिसते. त्यामागची कागदोपत्री सापडत नाही. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतल्यानंतर, राजाश्रय गमावलेला धर्म टिकवण्यासाठी ब्रह्मदेशातील भिक्षूंनी सामान्य गृहस्थांच्या हाती अभ्यास व ध्यान दिले, असे अभ्यासक दाखवतात. संकटात सापडलेल्या धर्माने आपला ठेवा प्रापंचिकांवर सोपवावा, यात कमीपणा कसला? तो आधुनिक आहे एवढे मान्य केले म्हणजे झाले.

संघटनेविषयी आम्ही मोकळेपणाने गौरवच करू. शिबिराला शुल्क नाही, आणि दान केवळ एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारले जाते. सहायक आचार्य मानधन घेत नाहीत. १९९४ साली तिहार कारागृहात हजाराहून अधिक बंदिवानांनी एकत्र शिबिर केले. मात्र एक गोष्ट मनाला लागते. आजही सूचना आणि प्रवचने बहुधा गोयंकाजींच्या ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित रूपातच ऐकवली जातात. सहायक आचार्य मुख्यतः शंकानिरसन करतात. यामुळे शिकवण भ्रष्ट होत नाही, हे खरे. परंतु धुळ्याच्या कारागृहात विनोबा समोरच्या बंदिवानांकडे पाहून बोलत होते. मुद्रित आवाज थांबून श्रोत्याच्या डोळ्यांत पाहू शकत नाही. त्याने सांत्वन करावे तरी कसे?

आता आपल्या घरचा प्रश्न. शिबिराच्या काळात प्रार्थना, जपमाळ, उपवास आदी सर्व उपासना स्थगित ठेवण्याची अट आहे. दहा दिवसांत किमान एक रविवार येतोच आणि शिबिर सोडून बाहेर जाता येत नाही. म्हणजे कॅथलिक साधक रविवारची पवित्र मिस्सा सोडतो. ही अट सर्व धर्मीयांना सारखीच आहे, तिच्यात वैर नाही. पण आपल्याला मिस्सा हे एक तंत्र नव्हे की दुसऱ्या तंत्राच्या परीक्षेसाठी ते बाजूला ठेवावे. ती भेट आहे. आईला भेटणे ‘स्थगित’ ठेवून प्रेमाचा अभ्यास कोण करतो?

याहून खोल भेद दुःखाचा आहे. विपश्यनेत दुःखाकडे साक्षीभावाने पाहायचे, कारण ते अनित्य आहे. क्रुसापाशी उभी असलेली माता साक्षीभावाने पाहत नव्हती. तिने ते दुःख आपले केले. आपल्या श्रद्धेत मुक्ती कमावलेली नसते, ती कृपेने मिळते. समाजाच्या दृष्टीनेही हा प्रश्न उरतो. १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या धम्माचे काही अनुयायीच विचारतात की, अन्यायाची संवेदना नुसती निरखत बसावी काय? प्रश्न रास्त आहे आणि तो आपल्याही ध्यानमंदिरांना लागू आहे.

मग विपश्यनेला पाठ फिरवावी काय? तसे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास सांगितले. १९८९ साली रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना लिहिलेल्या पत्रात इतर परंपरांतील उपयुक्त पद्धतींना दार बंद केले नाही. शरीराला वाटणारी शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये, इतका इशारा दिला. संत इग्नेशियसने तर आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त श्वासागणिक प्रार्थनेचा एकेक शब्द उच्चारण्याची रीत सोळाव्या शतकातच सांगून ठेवली आहे. ती आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

खरे दुखणे येथेच आहे. आपली तरुण मंडळी मौनाच्या शोधात डेडरगावला जातात, कारण धर्मग्रामात मौन मिळत नाही. आपल्या तपसाधनेत ध्वनिक्षेपक बंद पडला तर आपण अस्वस्थ होतो. जाणाऱ्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. मानसिक आजार असल्यास जाऊ नये. संस्थाही तसेच बजावते. जाण्यापूर्वी धर्मगुरूंशी बोलावे. शरण कोणाला जात आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असू द्यावे. आणि न जाणाऱ्यांना इतकेच सांगणे की, आठवड्यातून एक तास पवित्र साक्रामेंतापुढे काहीही न बोलता बसून पाहावे. श्वास तेथेही येतो आणि जातो. तो देणारा समोर असतो, एवढाच काय तो फरक. आणि आमच्या लेखी तो सर्वस्वाचा फरक आहे.