सरासरीत न दिसणारं भावंड

होमस्कूलिंगवर वाचायला घेतलंत की लॉरेन्स रुडनर यांचा १९९९ चा अमेरिकेतला अभ्यास हमखास भेटतो. २०,७६० मुलं, मध्यक गुण साधारण ७० ते ८० व्या पर्सेंटाइलमध्ये. आकडे बघून आपण दबतोच. पण थांबा, ही मुलं ११,९३० घरांतली आहेत. म्हणजे बरीचशी एकमेकांची भावंडं. अशा नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. शिवाय सहभाग ऐच्छिक. यावरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस ठरत नाही, असं रुडनर स्वतःच बजावतात.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. समजा, एकाच घरात डिस्लेक्सिया असलेला आठ वर्षांचा मुलगा, ऑटिझम असलेली सहा वर्षांची मुलगी आणि वाचायला उतावीळ झालेलं चार वर्षांचं शेंडेफळ आहे. आईचा वेळ कुणाला किती मिळतो? कुणाच्या वाट्याचा कुणाला जातो? सरासरी त्यावर गप्प. निर्णय घेणाऱ्या आईला मात्र नेमकं तेच हवं असतं.

तेव्हा प्रस्ताव लिहिण्याआधी ठरवा: तुमच्या विश्लेषणाचं एकक कोण, मूल की घर? नमुना आणि पद्धत त्यानंतरच.