हॉक्सन निधींतील नाणीं : एक परीक्षण

इंग्लंडांतील सफोक परगण्यांत हॉक्सन नांवाचें खेडें आहे. तेथील एका शेतांत ता. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं उत्तर-रोमन काळचा एक मोठा निधि सांपडला. त्यांतील सोन्याच्या व रुप्याच्या नाण्यांची विवेचक सूची पीटर गेस्ट यांनीं तयार केली व ती ब्रिटिश म्यूझियमनें २००५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ग्रंथ आतां नवा नाहीं. तथापि धातुशोधक यंत्र आज वाटेल त्यास विकत मिळतें, आणि ‘यंत्र घेतलें कीं निधि लाभला’ अशी समजूत बाळगणारे कांहीं आपल्या संग्राहकवर्गांतही आहेत. त्यांनीं हा ग्रंथ अवश्य पाहावा म्हणून हें टांचण.

निधि सांपडला तो अगदीं साध्या कारणानें. शेतकऱ्याचा हातोडा हरवला होता. तो शोधावयास त्याचा एक स्नेही, सेवानिवृत्त माळी, आपलें यंत्र घेऊन गेला, आणि हातोड्याऐवजीं सोन्याचीं नाणीं व रुप्याचे चमचे वर येऊं लागले. येथवर गोष्ट नेहमींचीच. पुढची मात्र नेहमींची नाहीं. त्यानें खणणें थांबविलें व खबर दिली. दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तुज्ञांनीं तो खड्डा रीतसर उकलला, आणि मातीचे गठ्ठेच्या गठ्ठे जसेच्या तसे उचलून प्रयोगशाळेंत नेले. नाण्यांची मोजणी १४,८६५ भरली. त्यांत सोन्याचे सॉलिडस ५६९, रुप्याचीं १४,२७२ व तांब्याचीं २४. ओकच्या पेटीचें लांकूड कुजून गेलें होतें, परंतु बिजागऱ्या, कड्या, पट्ट्या, खिळे यांच्या जागांवरून पेटीचा आकार व आंतील मांडणी ठरवितां आली.

हे खिळे व पट्ट्या लोखंडाच्या होत्या, हें लक्षांत ठेवावें. यंत्राच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणाऱ्या विजेनें चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें. जमिनींतील धातूंत त्यानें प्रतिप्रवाह उठतात व तेच यंत्र टिपतें. सोनें आणि कथिलाचा वर्ख यांतील भेद त्यास धडपणें कळत नाहीं, मग शतक कोठून कळणार? धनलोभी शोधक लोखंडाचा आवाज नको म्हणून यंत्र तसें लावून ठेवतात. ज्यावरून हॉक्सनची पेटी पुन्हां उभी राहिली, तेंच नेमकें त्यांच्या लेखीं अडगळ! आमच्या माळ्याचें भाग्य असें कीं तो हातोड्याच्या, म्हणजे लोखंडाच्याच मागावर होता.

आतां सोन्याच्या नाण्याची ओळख. सोनें गंजत नाहीं. म्हणून तांब्याच्या नाण्यावर जुनेपणाची जी साक्ष कळकानें मिळते, ती येथें मिळत नाहीं. पहिली कसोटी वजनाची. कॉन्स्टंटाइन पहिला याच्या वेळेपासून एका रोमन पौंडांत ७२ सॉलिडस पाडीत. त्या हिशोबानें एक नाणें सुमारें साडेचार ग्रॅम भरलें पाहिजे. दुसरी कसोटी अक्षरांची. मागील बाजूस, आकृतीच्या पायाखालीं ‘कोमॉब’ अशीं अक्षरें पुष्कळदां असतात. नवशिके यांस टांकसाळीचें नांव समजतात, तें चूक. त्यांचा संबंध राजकोशाशीं व सोन्याच्या शुद्धतेशीं आहे. टांकसाळ पाहावयाची ती आकृतीच्या दोहों बाजूंच्या सुट्या अक्षरांत : म-ड म्हणजे मिलान, त-र म्हणजे ट्रीर, र-व म्हणजे राव्हेना. तिसरी खूण सूक्ष्म आहे. कडेच्या लेखांत सम्राट्पदाच्या संक्षेपाअखेरीस ‘ग’ किती वेळां आला हें मोजावें. एकाच वेळीं जितके सम्राट् अधिकारावर, तितके ‘ग’, असा मूळचा संकेत. पुढें पुढें तीन ‘ग’ संवयीनेंच कोरले जाऊं लागले, म्हणून केवळ एवढ्यावरून काळ ठरवूं नये. आपल्याकडे आणखी एक खूण पाहावी लागते. दक्षिण हिंदुस्थानांत सांपडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपैकीं पुष्कळांस मुखाच्या वर दोन भोकें पाडलेलीं असतात. तें नाणें येथें येऊन दागिना झालें, आणि तो त्याचा दुसरा इतिहास होय. भोक आहे म्हणून नाण्यास हिणकस ठरविणारा सराफ हा इतिहासच पुसतो.

गेस्ट यांच्या सूचींत ही सर्व छाननी नाण्यागणिक केलेली आहे, आणि ग्रंथाचा खरा मोलाचा भाग हाच. परंतु त्या सूचींतून जो निष्कर्ष निघतो, तो सोनें जमविणाऱ्यास खटकेल असा आहे. निधीचा काळ सोन्यानें ठरत नाहीं. तो ठरतो रुप्याच्या दोन नाण्यांनीं! तिसरा कॉन्स्टंटाइन यास ब्रिटनमधील सैन्यानें इ. स. ४०७ त सम्राट् केलें; त्याचे ४०७–८ चे दोन सिलिक्वा या राशींत आहेत, आणि निश्चित काळ सांगणारीं सर्वांत अलीकडचीं नाणीं तींच. चौदा हजारांहून अधिक रुप्याच्या नाण्यांत दोन! ५६९ सॉलिडस खिशांत घालून कोणी रुपें टाकून दिलें असतें, अथवा रुपें घाऊक विकलें असतें, तर हा पुरावा कायमचा गेला असता. या निधीविषयीं लिहिणारे पुष्कळ लोक ‘४०८ त पुरला’ असें बेधडक लिहितात, तेंही बरोबर नाहीं. त्यापूर्वीं पुरला नाहीं, एवढेंच सिद्ध होतें.

त्यानंतर किती काळ गेला, याचा विचार कातरलेल्या कडांवरून करावा लागतो. सिलिक्वांपैकीं जवळजवळ सर्वांच्या कडा कातरलेल्या आहेत, परंतु सम्राटाचा चेहरा बहुधा राखून. रुपें काढून घ्यावें पण नाणें नाणें म्हणून चालावें, अशी ती युक्ति. जोडीला मुलखांतच पाडलेलीं चारशेंहून अधिक अनुकरणें याच राशींत आहेत, व त्यांसाठीं रुपें कोठून आलें हें सांगावयास नकोच. नवें नाणें समुद्रापलीकडून येईना, तेव्हां जुन्यावरच लोकांनीं व्यवहार कसा चालविला, याचें इतकें बोलकें चित्र बखरकाराच्या लेखणींतून उतरलें नसतें. कातरलेलें रुपें ४०८ नंतर कांहीं काळ चालत राहिलें असलें पाहिजे, हा तर्क मला मान्य आहे. सोन्याला मात्र हा रोग लागलेला दिसत नाहीं. तें तराजूनेंच घेतलें जात असल्यानें कातरून लाभ नव्हता.

ग्रंथांत एक उणीव ठळक आहे. नाणीं या ग्रंथांत आलीं. दागिने व रुप्याचीं भांडीं कॅथरीन जॉन्स यांच्या २०१० च्या ग्रंथांत. ऑरेलियस उर्सिकिनस हें नांव कोरलेले चमचे, ज्युलियानाचें नांव असलेलें कंकण, आणि हीं नाणीं एकाच पेटींत होतीं. त्यांचा परस्परसंबंध जुळविण्यास वाचकाला दोन ग्रंथ मांडीवर घेऊन बसावें लागतें. दप्तरांतील रुमाल सोडून कागद विषयवार लावले म्हणजे मूळ रुमाल कोणाचा होता याचा शोध जसा अवघड होतो, तसाच हा प्रकार. सूचीकारांची सोय मोठी, पण निधि ज्याचा होता त्या कुटुंबाचा मागोवा अर्धा राहतो.

उलट बाजू पाहावयाची असल्यास सरे परगण्यांतील वॉनबरो पाहावें. तेथील प्राचीन देवळाच्या जागीं १९८० नंतरच्या दशकांत यंत्रधारी चोरांनीं रात्रीं-अपरात्रीं खणून सोन्यारुप्याचीं पुष्कळ नाणीं लांबविलीं. त्यांतील किती कोठें गेलीं याचा हिशोब नाहीं, आणि जीं बाजारांत आलीं तीं कोणत्या थरांतील हें सांगणारा कोणी नाहीं. नाणीं तींच, यंत्रही त्याच जातीचें. त्या प्रकरणानंतर चळवळ होऊन इंग्लंडांत १९९६ चा नवा निधि-कायदा झाला. हॉक्सनचा शोध त्यापूर्वींचा. तरीही तेथें बाजारभावाप्रमाणें साडेसतरा लक्ष पौंडांचें बक्षीस दिलें गेलें, व माळ्यानें तें शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलें. हातोडाही सांपडला आणि म्यूझियममध्यें गेला!

आमच्याकडे श्रीशिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनांचे अस्सल नमुने बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं देवनागरी अक्षरें ओळखण्यास पंडित लागत नाहीं. पण सोनाराच्या मुशींत अक्षरें राहत नाहींत. नांगराच्या फाळास मोहोर लागलेला शेतकरी प्रथम सोनाराकडे कां जातो, हें १८७८ चा निधि-कायदा वाचल्यावर कळतें. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि मिळाल्यास कलेक्टरास कळवावें, असें तो सांगतो; आणि सरकारनें तो निधि घेतल्यास मोबदला म्हणून द्यावयाचें तें द्रव्याचें, म्हणजे धातूचें मोल व त्याचा एक पंचमांश. अक्षरांचें, टांकसाळीचें, मिळालेल्या जागेचें मोल त्या कलमांत कोठेंच धरलेलें नाहीं.